आधी परतीचं सांगा

आमच्या काकांच्या कचेरीत माणूस शिरला की त्याला "कुठे जायचंय?" असं कुणी विचारत नसे. काका त्याला समोरच्या खुर्चीत बसवत, पंखा जरा हळू करत आणि चष्मा पुसत पुसत विचारत, "परत कसं यायचंय?"

नवखा माणूस गांगरायचा. "परत? परत गाडीनेच की!"

"गाडीचं मी बघतो. तुम्ही डोळे मिटा. प्रवास संपलाय, तुम्ही आपल्या घराचा जिना चढताय. हातात काय आहे? पाय दुखतायत का? दार कोण उघडतं? सांगा."

मग चारचौघांत डोळे वटारून फिरणारी माणसंसुद्धा डोळे मिटून शाळेतल्या पोरासारखी सांगायला लागायची.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लोकांना सफरी आखून देण्याचा त्यांचा धंदा. आपलं खंड केवढं अवाढव्य! वरच्या टोकाला कधी न वितळणारं बर्फ, मग गवताचा समुद्र, मग मिठाचं वाळवंट, मग जंगलं, आणि पार खाली दक्षिणेला खराखुरा समुद्र. मधे इतक्या भाषा, की गाडीत एक झोप काढून उठलं की चहा कसा मागायचा ही पंचाईत. एवढ्या पसाऱ्यातून कुठे जायचं हे ठरवताना भल्याभल्यांची मती गुंग होते. माणसं यायची तीच हावरटासारखी. "सगळं बघायचंय!" काका म्हणायचे, "खंड म्हणजे काय वाढलेलं ताट आहे, संपवलंच पाहिजे असं? इथे अर्धं टाकलं तरी कुणी रागावत नाही."

जागा निवडायच्या त्या परतीवरून. एक विधवा बाई आल्या होत्या. डोळे मिटून म्हणाल्या, "दार मीच उघडते. पण आत गेल्यावर घर मोठं मोठं वाटू नये, एवढंच." काकांनी त्यांना मिठाच्या वाळवंटात धाडलं. म्हणाले, "ते बघून आलं की कुठलंही घर आटोपशीर वाटतं." बाई परत आल्या त्या काकांसाठी मिठाचा खडा घेऊन. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला कुडकुडत परत यायचं होतं, तो उत्तरेला गेला. एका नवीन जोडप्याला भांडण मिटवून परत यायचं होतं. त्यांना काकांनी सगळ्यात लांबच्या, सगळ्यात हळू गाडीत घातलं. उतरायला जागाच नाही म्हटल्यावर भांडणार किती?

भिंतीवर खंडाचा मोठा नकाशा होता. काका टाचण्या लावायचे त्या घराकडून बाहेर. आधी शेवटचा मुक्काम, मग त्याच्या आधीचा, असं करत करत पहिल्या दिवसापर्यंत. शहरात त्यांचं नावच पडलं होतं, परतीकाका. स्वतः काका मात्र या नकाशातल्या एकाही टाचणीवर गेलेले नव्हते.

मी छोट्या गावातली शाळा उरकून या शहरात नोकरीला आलो आणि मावशीकडे राहिलो. माझी नोकरी पाणीपुरवठा कचेरीत. "नळाला पाणी नाही" ही तक्रार टेलिफोनवर ऐकून घेणं हे माझं काम. पाणी सोडणं हे माझं काम नव्हे, आणि ते कुणाचं याचा शोध अजून चालू आहे. संध्याकाळी सुटलो की मी काकांच्या कचेरीत येऊन बसायचो. कचेरी तळमजल्याला, घर वरच्या मजल्यावर. पुढून दगडी जिना, मागून स्वयंपाकघराला लागून लोखंडी जिना. मावशी वरून ओरडायची, "अहो परतीकाका, आता वर परत या, जेवण गार होतंय!" हा विनोद ती रोज करायची आणि काका रोज हसायचे. संसार म्हणजे दुसरं काय असतं?

आता दातवाल्या डॉक्टरांची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून समजतं.

हे डॉक्टर म्हणजे कसाई. दात काढता काढता पेशंटवरच खेकसायचे, "ओरडता काय? दात तुमचा, त्रास मला!" ते सफर आखून घ्यायला आले. काकांनी डोळे मिटायला लावले. डॉक्टर म्हणाले, "जिना चढतो. दार उघडतो. अरे! माझ्या चपला आधीच दारात ठेवलेल्या आहेत."

"दुसऱ्या असतील," काका म्हणाले.

"नाही हो, याच. माझ्या पायातल्या. पायात पण आहेत आणि दारात पण आहेत." डॉक्टर डोळे उघडून गडगडाटी हसले. "काय मजेशीर आहे तुमचा धंदा!"

काका हसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, तुमची सफर मी आखत नाही. तुम्ही जाऊही नका." डॉक्टर चिडले, दुसऱ्या कचेरीत गेले आणि खंड हिंडून परत आले.

परत आले ते लोण्यासारखे मऊ होऊन. आता ते हळू बोलतात, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि सगळं डाव्या हाताने करतात. आधी उजव्याने करायचे. पेशंट खूश. त्यांच्या पत्नी बाजारात मावशीला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तक्रार काहीच नाही हो. फक्त रोज घरी आले की बेल वाजवतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारतात, येऊ का?"

मावशीने हे हसत हसत सांगितलं. काकांनी घास खाली ठेवला.

माणूस आपल्या जागेवरून खूप लांब गेला की जागा आणि माणूस यांत फट पडते, असं काकांचं म्हणणं होतं. बहुतेकांची फट परतीच्या वाटेवर मिटते. एखाद्याची मिटत नाही. मी म्हटलं, "काका, आमच्या कचेरीत या, गळतीच्या तक्रारी आम्ही लिहून घेतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा विनोद गिळला.

काकांनी वयामुळे कचेरी बंद करायचं ठरवलं त्या वर्षी मावशीने कंबर कसली. "आयुष्यभर गावाला पाठवलंत. आता मला न्या. नकाशा पुसून पुसून माझे हात झिजले, त्यातलं एक तरी गाव मला बघू दे."

काकांनाही जायचं होतंच. किती जायचं होतं ते मला ठाऊक आहे. उत्तरेच्या बर्फासाठी त्यांनी एक जाड तपकिरी कोट शिवून घेतला होता आणि तो अधूनमधून कपाटातून काढून, घालून, आरशात बघून परत ठेवायचे. घामाघूम होऊन.

एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर बरण्या ठेवल्या. मी काकडी खात बघत होतो.

"मीट डोळे," काका म्हणाले. "परत कसं यायचंय?"

"हसत," मावशी लगेच म्हणाली. "तुमच्याशी बोलत बोलत. गेली कित्येक वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलता आणि घरी येऊन झोपता."

"बरं. जिना चढतोय आपण. मग?"

"मग मी बेल वाजवते. तुम्ही दार उघडता."

काका थांबले. "मी तुझ्याबरोबर आहे ना?"

"अगं बाई, हो की! थांबा, परत सांगते. मी जिना चढते. दमलेय, पण मजेत आहे. बेल वाजवते. आणि तुम्ही..." ती अडखळली. "तुम्ही आतून दार उघडता."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. दर वेळी काका आतच. शेवटी ती वैतागली. "आता तुम्ही सांगा बघू!"

काकांनी डोळे मिटले. "तिन्हीसांज झालीय. कोट अंगात आहे. मी बॅगा खाली ठेवतो, खिशातून किल्ली काढतो, दार उघडतो. आत दिवा लागलेला आहे. तू स्वयंपाकघरात भांडी वाजवतेयस."

"म्हणजे मी तुमच्याआधी घरात?"

"हो."

"आणि माझ्या वेळी तुम्ही माझ्याआधी घरात." मावशी खो खो हसली. "दोघं एकमेकांची वाट बघत दारामागे बसणार. याला म्हणतात म्हातारपणचं प्रेम!"

मीही हसलो. काकांनी मात्र एकेक बरणी उचलली, नकाशा गुंडाळला आणि खाली कचेरीत निघून गेले.

मी मागोमाग गेलो. ते रिकाम्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते.

"लेका, आम्ही दोघं मिळून परत येताना दिसतच नाही," ते म्हणाले. "तिच्या सांगण्यात मी आत, माझ्या सांगण्यात ती आत. दोघांतलं कुणीतरी एक धड परत येणार नाही. तिला काही झालं तर? ती परत आली आणि उंबऱ्यात उभी राहून मला विचारायला लागली, येऊ का? तर मी काय करू?"

माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "मग जाऊच नका."

"ती जाणार. तिला अडवलं तर ती इथे राहूनही परकी होईल."

आठवडा गेला. मग एका सकाळी त्यांचं तोंड उजळलं. चहा घेताना म्हणाले, "मिळालं! तू एकटी जा. तू बेल वाजवशील, मी आतून दार उघडीन. तुझं सांगणं तंतोतंत बसतं."

मावशीचा कप बशीवर आपटला. "एकटी? तुमच्याशी बोलत बोलत यायचंय म्हटलं मी!"

"आणि काका, तुमचं सांगणं?" मी विचारलं. "कोट, किल्ली, बॅगा?"

"माझं सोड. मी जातच नाही म्हटल्यावर परत कुठून येणार?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या परतीचा शब्दन् शब्द तोलणारा माणूस, पण स्वतःचं सांगणं त्याने असं वाऱ्यावर सोडलं. चूक झाली ती इथे. आम्हां तिघांनाही ती दिसली नाही.

मावशी रडली, रागावली, तिने अबोला धरला. अखेर एका अटीवर तयार झाली. "तुम्ही बरोबर आहात असं समजूनच मी फिरणार. खिडकीची जागा तुम्हाला. कोट मी नेते. शेजारी ठेवीन आणि बोलत राहीन. लोक वेडी म्हणाले तर म्हणू देत, तिथे मला कोण ओळखतंय?"

काकांना गहिवरून आलं. त्यांनी स्वतः कोटाची घडी घातली. आणि मावशी किल्ल्या हमखास हरवते म्हणून, निदान एक तरी जपून राहील या विचाराने, घराची स्वतःची किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

पहिला फोन आला गवताच्या प्रदेशातून. मी तो आम्हा दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"यांना खिडकी दिलीय," मावशी म्हणाली. "पण उपयोग काय? घोरतायत."

"मी घोरत नाही," इकडून काका म्हणाले.

"झोपलेल्याला काय कळतंय ते?"

आम्ही पोट धरून हसलो. काका तर इतके रंगले की खेळात सामील झाले. "जरा उजवीकडे बघ म्हणावं मला, तळं येईल." तिकडून मावशी म्हणाली, "बघितलं हो, आत्ताच दाखवलंत ना तुम्ही." रोज संध्याकाळी हा खेळ रंगायचा. काका टेबलाशी बसून सांगायचे, मी काय खाल्लं, मी कुठे बसलो, मला थंडी वाजतेय. जणू इथली खुर्ची रिकामी आहे.

मग बर्फाच्या गावातून फोटो आला. मावशी पुढे, नाक लाल, दोन्ही हात हातमोज्यांत वर केलेले. मागे बाकावर कोट. नुसता ठेवलेला कोट कसा चेपून पडतो. हा ताठ बसला होता. चेहऱ्याच्या जागी कोवळं ऊन आलेलं, त्यामुळे तिथे काही दिसत नव्हतं. पण एक बाही कोपरात वळलेली होती, कप धरल्यासारखी.

"हा फोटो काढला कुणी?" मी विचारलं.

"कुणीतरी वाटसरू," काका म्हणाले. बराच वेळ त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. "कोट छान बसलाय," असं मात्र म्हणाले.

त्याच सुमाराला इकडे बारीकसारीक होऊ लागलं. चहावाला कचेरीत आला आणि एकच कप ठेवून गेला, माझ्यासमोर. मी हाक मारली तर म्हणाला, "कुणी आलंय का?" आणि थेट काकांकडे बघून कचेरी रिकामी असल्यासारखी मान वळवली. शेजारीण मला जिन्यात म्हणाली, "काकांना कसं वाटतंय तिकडे? जपून राहा म्हणावं." काका माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, "अहो, मी इथेच आहे." तिने दचकून पाहिलं, "अय्या, दिसलाच नाहीत!" म्हणून हसली. पण ते हसू गळ्यापर्यंतच आलं.

मी चेष्टा केली. "काका, वजन कमी झालंय तुमचं."

"भूकच लागत नाही रे," ते म्हणाले. "पोट भरल्यासारखं वाटतं. आणि तळवे गार पडतात. बर्फावर उभं राहिल्यासारखे."

पुढचा फोन आला तो गाड्यांच्या गोंगाटातून. मावशी लहान मुलीसारखी किंचाळत होती. "आज सगळा बेत बोंबलला! भलत्याच स्टेशनावर उतरलो. हे म्हणाले, चल उतरू या, आणि उतरलो! गावाचं नावही ठाऊक नाही. एका माणसाने टोप्या विकल्या आणि असं काही बोलला की आम्ही हसून हसून बेजार."

काका पांढरे पडले. "मी असं कधीच म्हणणार नाही. बेत सोडून उतरू या?"

"हो ना! मलाही नवलच वाटलं. किती मोकळे झालात हो तुम्ही तिकडून निघाल्यापासून."

आणि तिच्या मागे कुणीतरी खोकलं. दोनदा, मधे घसा साफ करून. हा खोकला मी रोज पहाटे भिंतीपलीकडून ऐकत होतो. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी गळ्याला हात लावला होता. तोंड मिटलेलं होतं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "लगेच परत ये. पुढचं राहू दे."

"आत्ता? अहो, तुम्हीच तर काल म्हणालात, दक्षिणेचा समुद्र बघितल्याशिवाय जायचं नाही."

मग काका म्हणाले, "त्याला फोन दे."

"कुणाला?"

"शेजारी जो आहे त्याला."

मावशी हसली. "हे घ्या, तुम्हीच तुमच्याशी बोला." फोन इकडून तिकडे झाल्याची खरखर झाली, आणि काकांचाच आवाज आला, जरा तरणा, वारा प्यायलेला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दातवाले डॉक्टर आले. न बोलावता. कचेरीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "येऊ का?" आत येऊन त्यांनी सरळ काकांसमोर खुर्ची ओढली. त्या दिवसांत काकांना पहिल्या नजरेत पाहिलेला तो एकच माणूस.

"म्हणजे तुमचंही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कोण?" काकांनी विचारलं. "जो गेला तो, की जो राहिला तो?"

"जो आला तो." डॉक्टरांनी डावा हात काकांच्या खांद्यावर ठेवला. "घाबरू नका. दुखत नाही. थोडा वेळ बधिर वाटतं, मग काही वाटत नाही."

"आणि तुमच्या घरी जो होता तो? ज्याच्या चपला दारात होत्या?"

"मला कसं ठाऊक असणार? मी आत गेलो तेव्हा घरात कुणीच नव्हतं." ते उठले. "चपला तेवढ्या राहिल्या. मापाच्या निघाल्या, म्हणून वापरतो."

मावशी यायच्या दिवशी काकांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि दुपारपासून पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. दाराला आतून कडी घातली. मी रजा टाकली होती. त्या दिवशी शहरात कुणाच्या नळाला पाणी आलं नसेल तर ते देवाला सांगून मोकळे झाले असतील.

"काका, कडी राहू द्या," मी म्हटलं. "मावशी आली की उघडू, आत घेऊ आणि परत घालू. मग बाहेर कुणीही उभं राहू दे."

"हं," ते म्हणाले. सूर्य मावळतीला गेला तसे ते खुर्चीत पुसट होत चालले. दिवा मीच लावला. दिवा लावल्यावरही त्यांची सावली भिंतीवर आली नाही.

जिन्यात मावशीचा आवाज आला. हसत, कुणाशी तरी बोलत बोलत येत होती. बेल वाजली.

काकांनी उठून कडी काढली आणि दार उघडलं.

मावशी एकटीच होती. उन्हाने रापलेली, डोक्यावर कुठलीतरी विचित्र उंच टोपी, डोळे चमकत होते. अशी मी तिला कधीच पाहिली नव्हती. काकांना बघून ती थबकली. "अगं बाई! तुम्ही खाली सामान उतरवत होतात ना? इतक्यात वर कसे आलात?"

"मी इथेच होतो," काका म्हणाले.

"झाली चेष्टा सुरू! कोट कुठे टाकलात?" आणि उत्तराची वाट न बघता ती गुणगुणत स्वयंपाकघरात शिरली. "चहा टाकते! बाहेरचा चहा पिऊन पिऊन जीव गेला आपला." भांडी वाजू लागली.

मी पटकन दार लोटून कडी घातली.

जिन्यात पावलं वाजत होती. एक जड बॅग पायरीपायरीला आपटत होती. पावलं दारापाशी थांबली. बॅगा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग कुलपात किल्ली फिरली, दार जरासं हललं आणि कडीवर अडलं.

"अगं, कडी का घातलीस?" बाहेरून काकांचा आवाज म्हणाला. खट्याळ आवाज. "परत जाऊ का मी?"

"आले हो!" आतून मावशी ओरडली. "उघड रे कुणीतरी, ते बाहेर राहिलेत!" आणि पुढचं स्वतःशीच, पण ऐकू येईल असं, "टोपीवाल्याची नक्कल करा म्हणावं, या पोराला दाखवायला."

मी काकांकडे पाहिलं. माझे दोन्ही हात कडीवर होते. "काका, उघडणार नाही मी. सकाळपर्यंत उभा राहीन. मावशीला बोलावून सगळं सांगू. ती तुम्हाला ओळखेल."

"कशावरून ओळखेल?" काका म्हणाले. "टोपीवाला काय म्हणाला ते तिने विचारलं तर मी काय सांगू? माझ्या बेतात तो टोपीवाला नव्हताच."

स्वयंपाकघरात मावशी अजून गुणगुणत होती. काका मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिला हसत परत यायचं होतं. आली. धड आली, सगळीच्या सगळी आली. मला भीती होती ती तिची. तिचं निभावलं."

"आणि तुमचं?"

"मी कुठे गेलो होतो परत यायला?"

त्यांनी माझे हात अलगद बाजूला केले. त्यांचे हात गार होते. कडी त्यांनी स्वतः काढली, पण दार उघडलं नाही. पायांत चपला सरकवल्या आणि मागच्या बाजूला निघाले. स्वयंपाकघरातून लोखंडी जिन्याकडे जाताना मावशीच्या पाठीमागे क्षणभर थांबले. ती वळली नाही. साखरेचा डबा शोधत होती. काकांनी तो नेहमीच्या फळीवरून उचलून तिच्या हाताशी ठेवला. "हा काय, इथेच तर आहे," ती स्वतःशी म्हणाली.

घरातून निघताना "येतो" म्हणायचं, हे काकांनी शेकडो गिऱ्हाइकांना बजावलं होतं. मी मागोमाग गेलो होतो; त्या दिवशी मागच्या दाराशी मला म्हणाले, "जातो."

मी परत फिरलो तोच बाहेरून पुढचं दार उघडलं. तपकिरी कोट, रापलेलं तोंड, डोक्यावर मावशीसारखीच उंच टोपी. "काय लेका, बघत काय बसलास? बॅगा घे की!" माझ्या पाठीवर थाप पडली. हात ऊबदार होता, याचीच मला जास्त भीती वाटली. ते आत आले आणि सवयीने खुर्चीत बसले, आणि लगेच अर्धे उठले.

"खुर्ची गरम आहे. कुणी बसलं होतं का?"

"मी," मी म्हणालो.

आता सगळं छान चाललंय. कचेरी बंद झाली नाही, उलट जोरात आहे. काका गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतात, पंखा मोठा करतात आणि विचारतात, "बोला, कुठे जायचंय?" टाचण्या पहिल्या दिवसापासून लावतात. परतीचं विचारत नाहीत. मी एकदा आठवण करून दिली तर म्हणाले, "अरे, गेलेला माणूस येतोच की!" चहावाला त्यांच्यासमोर न सांगता कप ठेवतो. मावशीचं वजन वाढलंय आणि ती रोज हसते. ती मला म्हणते, "तू हल्ली असा का बघतोस रे यांच्याकडे? प्रवासाने माणूस बदलतो." मी म्हणतो, "हो मावशी, दिसतंय ना."

मागच्या लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर एक चपलांची जोडी होती. मावशीने विचारलं कुणाच्या, तर मी म्हणालो माझ्या. मला त्या सैल होतात. मी त्या उचलून मागच्या दाराशी ठेवल्या आहेत, बोटं आतल्या बाजूला करून. आणि मागच्या दाराची कडी मी घालत नाही. मावशी त्यावरून बोलते, मी ऐकून घेतो. तक्रार ऐकून घेणं हे माझं कामच आहे.

संध्याकाळी कामावरून आलो की मी थोडा वेळ तिथे, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसतो. काकांनी स्वतःचं परत येणं एकदाच सांगितलं. ते दुसऱ्यानेच वापरलं. म्हणून मी डोळे मिटतो आणि त्यांच्यासाठी सांगून बघतो. काका, प्रवास संपलाय. तुम्ही लोखंडी जिना चढताय. हातात काही नाही. पाय गार पडलेत. दार लोटलेलंच आहे, पण तुम्ही उगाच उंबऱ्याबाहेर उभे आहात. दार कोण उघडतं?

मी उघडतो. आणि "येऊ का" असं विचारायचं नाही बरं का, सरळ आत यायचं.